लीना बोटीत पाय ठेवत नाही

बोट वर्षभर पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शंखशिंपले चिकटतात. पावसाळ्यात ती वर ओढून ते खरवडून काढावे लागतात, नाहीतर बोट जड होते आणि डिझेल जास्त पिते. किस्सेही असेच चिकटतात. फरक एवढाच, की ते खरवडून काढायला आमच्यातलं कुणीच तयार नसतं! उलट जो तो दर वेळी सांगताना त्यात आपली भर घालतो. तेव्हा मी सांगतोय त्यातलं थोडंफार वजा करून वाचा. पण फार वजा करू नका, निम्म्याहून जास्त खरं आहे.

आधी मंडळींची ओळख करून देतो. विल्सन गिरीज गावचा. केळी, नारळ, भाजीपाला अशी वाडवडिलांपासूनची वाडी, गोठ्यात म्हशी. त्याच्या घराण्यात गुडघाभर पाण्याच्या पुढे कुणी कधी गेलेलं नाही. असा हा माणूस एक दिवस पाचूबंदर या कोळीवाड्यातला एक म्हातारा ट्रॉलर विकत घेऊन बसला! मूळ मालकाने नवा मोठा ट्रॉलर बांधला होता, म्हणून हा निवृत्त झालेला. विल्सनने जाळं ओढायचं मशीन काढलं, तिथे ताडपत्रीचं छप्पर घातलं, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि जाहीर केलं, "आता मासे नाही मारायचे. फक्त फिरायचं!"

श्रीकांत आणि मी एव्हरशाईन सिटीतले, एकाच बिल्डिंगमधले. तो बँकेत, मी विमा कंपनीत. मी मूळचा साताऱ्याकडचा. मला पोहता येत नाही, हे बोटीवर चढताना दर वेळी मी सगळ्यांना एकदा सांगून ठेवतो. चौथे बस्त्यावकाका, आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे कॅप्टन. सगळं आयुष्य समुद्रावर गेलं. गुडघे गेले म्हणून मासेमारी सोडली, पण तोंड अजून शाबूत आहे.

आणि लीना. लीना म्हणजे विल्सनची बायको. शाळेत शिकवते. ती पाचूबंदरची, मच्छीमाराची मुलगी. नवऱ्याने ट्रॉलर घेतल्याची बातमी तिला मिस्सा संपवून चर्चमधून बाहेर पडताना भलत्याच बाईकडून कळली. घरी येऊन ती म्हणाली, "माझं सगळं लहानपण धक्क्यावर बाबाच्या होडीची वाट बघण्यात गेलं. म्हणून मुद्दाम वाडीतला नवरा केला. केळीची वाट बघावी लागत नाही, ती कुठे जात नाही! आणि हा माणूस वाडी सोडून समुद्रात निघाला!"

विल्सनची एकच इच्छा होती. लीनाने एकदा, फक्त एकदा, त्या बोटीतून फिरायला यावं. त्याने विनवण्या केल्या, रुसून बघितलं, बोटीला तिच्या आवडीचा निळा रंग दिला. लीनाचं उत्तर ठरलेलं. "मी तुझ्या बोटीत पाय ठेवणार नाही, आणि तुझी वाट बघायला धक्क्यावरही येणार नाही. माझा कोटा संपलाय!"

*

बोट रंगवून झाल्यावर आशीर्वाद द्यायला विल्सनने फादरना बोलावलं. मी माझ्या परीने नारळ घेऊन गेलो होतो. समुद्राच्या बाबतीत मी कुणाशीच वाईटपणा घेत नाही.

फादर तरुण आणि हसतमुख. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थनेला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. म्हणाले, "विल्सन, इतर बोटींना मी आशीर्वाद देतो तेव्हा म्हणतो, यांची जाळी भरून येवोत. तुमच्याकडे तर जाळंच नाही. तुमचं काय भरू दे म्हणू?"

विल्सन विचारात पडला. गंभीर प्रसंग होता, सगळे हात जोडून उभे होते.

मागून श्रीकांत हळूच म्हणाला, "फादर, डिझेलची टाकी म्हणा!"

फादरनी खरंच म्हटलं. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. सगळ्यात मोठ्याने बस्त्यावकाकांनी.

*

पहिल्या फेरीहून परत आलो तेव्हा भरती पूर्ण चढलेली. बोट धक्क्याच्या बरोबरीला आली होती. काका गुडघे धरून पुढे गेले आणि विल्सन म्हणाला, "बोट मी बांधतो. आयुष्यभर म्हशी बांधल्यात!"

त्याने बांधली. घट्ट, आखूड, दोन्हीकडून, वर एक जादा गाठ. आम्ही कौतुकाने बघितलं आणि घरी जाऊन जेवून आडवे झालो.

संध्याकाळी काकांचा फोन. "विल्सन, ये लवकर! तुजी होडी टांगलीय!"

जाऊन बघतो तर ओहोटीने पाणी पार खाली गेलेलं आणि बोट दोरांवर एका कुशीला लटकलेली! खुर्च्या सगळ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. धक्क्यावर ही गर्दी. मासे निवडणाऱ्या बायका कामं टाकून उभ्या.

काका ओरडले, "दोरी येवडी आखूड कोन बांधतो रं?"

विल्सन खाली मान घालून म्हणाला, "सवय हो काका. सैल सोडली की शेजाऱ्याची केळी खाते."

बोटीचं नाव 'देवमाता' आहे. दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. पण त्या दिवसापासून सगळं पाचूबंदर तिला 'विल्सनची म्हस' म्हणतं. आम्ही निघालो की बायका विचारतात, "आज दूध किती दिलं?"

लीनाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्या बाबाची होडी वादळातसुद्धा कधी कलंडली नाही. तू धक्क्याला बांधून कलंडवलीस!"

*

ट्रॉलरवर फिरायला जायचं म्हणजे काय, याची लोकांना भलतीच कल्पना असते. पांढरी शुभ्र बोट, गॉगल, थंड पेयं! प्रत्यक्षात पायाखाली इंजिन धडधडत असतं, वारा मागून आला की सगळा धूर तोंडावर, आणि चहा पिताना कप दातांवर वाजतो. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात बोंबलावं लागतं.

श्रीकांतला तर गप्पा मारल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा भुईगावसमोरून जात होतो. विल्सन हौसेने सुकाणूवर, काका शेजारी. श्रीकांत माझ्या कानाला तोंड लावून जिवाच्या आकांताने ओरडत होता. विषय अर्थातच विल्सन. "मी तुला सांगतो! याला! बोटीतलं! ओ की ठो!"

आणि इंजिन बंद पडलं.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. त्या शांततेत, सगळ्या अरबी समुद्रावर, श्रीकांतचा उरलेला आवाज घुमला. "कळत नाही!!"

श्रीकांत तोंड उघडं ठेवून तसाच. विल्सनने सावकाश मागे वळून बघितलं.

"श्रीकांत," तो म्हणाला, "इंजिनाला वाईट वाटलं बघ."

डिझेलच्या नळीत कचरा अडकला होता. तो काढायला श्रीकांतलाच खाली पाठवलं.

*

निघताना 'कुठे' म्हणून विचारायचं नाही, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. पण बस्त्यावकाका ते पाळतात. कडक पाळतात!

एका रविवारी विल्सनचा गिरीजचा चुलतभाऊ धक्क्यावर आला होता. आम्ही दोर सोडले, बोट जरा पुढे गेली आणि त्याने प्रेमाने हाक मारली, "काय रे विल्सन, कुठे निघालात?"

काकांनी तिथल्या तिथे बोट वळवली. परत धक्क्याला लावली. सगळ्यांना खाली उतरवलं. टपरीवर बसून चहा घ्यायला लावला. चुलतभाऊ म्हणाला, "अरे, परत का आलात?" काकांनी त्याला असं काही झापलं की बिचारा तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

चहा झाला. पुन्हा बोटीत चढलो. पुन्हा दोर सोडले. चुलतभावाचा हात अजून तोंडावरच होता. आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. काका खुशीत होते. सुकाणू धरून त्यांनी मागे वळून विल्सनला विचारलं, "मंग, कुटं जायाचं?"

आम्ही तिघांनी तोंडावर हात ठेवले. काकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

दुसरा चहा काकांनी पाजला.

*

गस्तीच्या बोटीने आम्हाला एकदा अडवलं. त्यांचं बरोबरच होतं. मच्छीमारांचा ट्रॉलर, आणि वर जाळं नाही, बर्फ नाही, मासा नाही. साहेब तरुण, उत्तरेकडचा. कागदपत्रं बघितली, सगळी ठीक होती. त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला.

"मछली कहाँ है?"

"नहीं पकडते," विल्सन म्हणाला.

"तो समंदर में क्या कर रहे हो?"

"घूम रहे हैं."

"किसलिए?"

हा प्रश्न घरी बायकांनीही बऱ्याचदा विचारला होता. साहेबाने आमच्याकडे एकेक करून बघितलं. माझ्या अंगात लाइफ जॅकेट, त्यावर दुसरं लाइफ जॅकेट. श्रीकांतच्या हातात पोह्यांचा डबा. काका केबिनमध्ये गुडघ्याला तेल चोळत बसलेले.

मग त्याने वायरलेसवर रिपोर्ट दिला, "कुछ नहीं है सर. अंकल लोग हैं."

*

काका एका लग्नाला गेले होते, त्या दिवशीचं हे. बोट विल्सन चालवणार आणि भरती-ओहोटी श्रीकांत बघणार, असं ठरलं. श्रीकांतकडे मोबाइलवर त्याचं ॲप होतं. कळंबच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकला, ताडपत्रीखाली पत्ते कुटत बसलो. मस्त वारा. बोट इतकी स्थिर, की मी म्हटलंही, "आज काय सुंदर उभी आहे!"

सुंदर उभीच होती. वाळूवर!

श्रीकांतने ॲप पुन्हा उघडून बघितलं. त्यात गाव भलतंच निवडलेलं होतं. पाणी परत येईपर्यंत काही इलाज नव्हता आणि डबे तर केव्हाच संपलेले. तेव्हा श्रीकांत म्हणाला, "नेटवर्क आहे. मागवू या!"

त्याने खरंच बिर्याणी मागवली. थोड्या वेळाने डिलिव्हरीवाल्याचा फोन. "सर, आपका लोकेशन पानी में दिखा रहा है."

"हाँ, वही है. आ जाओ. अभी पानी नहीं है."

मग त्याने अगदी अदबीने विचारलं, "सर, गेट नंबर?"

पोरगा आला, बाइकवरून, ओल्या वाळूतून थेट बोटीपर्यंत! आम्ही दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. त्याने बिर्याणी पिशवीत ठेवली, आमच्याबरोबर एक सेल्फी काढला आणि तो व्हायरल केला. संध्याकाळी आम्ही घरी पोचायच्या आत लीनाने तो बघितलेला होता.

विल्सनला फोनवर एवढंच म्हणाली, "जेवण झालेलं दिसतंय. दरवाजा ओढून घेतलाय, किल्ली कुंडीखाली."

*

आता तुम्ही विचाराल, इतकं सगळं होतं तर जाता कशाला?

सांगतो. अर्नाळ्याच्या बाहेर कुठेतरी सकाळी इंजिन बंद करायचं. कान थोडा वेळ गुणगुणतात आणि मग पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो. समोर सगळा किनारा, माडांची रांग, मागे तुंगारेश्वरचे डोंगर. आपण जिथे रोज भाजी घेतो, पार्किंगवरून भांडतो, ते सगळं त्या रांगेच्या मागे कुठेतरी असतं आणि इथून ते एवढंसं वाटतं. मला पोहता येत नाही हेसुद्धा मी तेवढ्यापुरतं विसरतो. मला तिथे खूप बरं वाटतं, आणखी काय सांगू!

विल्सन मात्र दर वेळी माडांची ती रांग बघून हेच म्हणतो, "हे लीनाने बघायला पाहिजे होतं रे." आणि त्याचं तोंड उतरतं. श्रीकांत अशा वेळी त्याच्यापुढे पोह्यांचा डबा धरतो.

*

शेवटी ती आली. पण विल्सनमुळे नाही, तिच्या आईमुळे.

लीनाची आई पाचूबंदरातच राहते. ऐंशीच्या पुढची, कंबरेत वाकलेली, पण डोळे करवंदासारखे काळे टपोरे. नवरा होडीवर, ही धक्क्यावर मासे लिलावात घ्यायची आणि बाजारात विकायची. सगळा जन्म समुद्रासमोर गेला, पण होडीत बसून बाहेर कधी गेली नाही. त्यांच्यात पूर्वी बायका होडीत बसतच नसत. पुरुष पाण्यावर, बाई धक्क्यावर. एक दिवस म्हातारी जावयाला म्हणाली, "तुजी म्हस मला बसवल काय रं?"

विल्सनला आकाश ठेंगणं झालं! खुद्द आई येणार म्हटल्यावर लीनालाही यावंच लागणार होतं. म्हातारीला एकटं कोण सोडेल?

काका आधी कुरकुरले. "बायका होडीन? आमच्यात नाय चालत." म्हातारी काठी टेकत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बस्त्याव, तुला उगडा फिरताना बगितलाय मी. गप सुकानू धर." काकांनी विषय बदलला.

रविवार ठरला. विल्सनने आठवडाभर बोट घासली. खुर्च्यांवर गाद्या आल्या. चढायला धड फळी केली, तिला कठडा लावला. वाडीतली शहाळी, केळ्यांची परडी, सगळं आत ठेवलं. मिस्सा झाल्यावर लीना आईचा हात धरून धक्क्यावर आली. बरोबर तिच्या दोन मावश्या. माझी बायको आणि श्रीकांतची बायकोही आल्या. त्यांना लीनाने परस्पर फोन केले होते.

आधी म्हातारी चढली. मग मावश्या, मग आमच्या बायका. शेवटी लीना फळीवर उभी राहिली, क्षणभर थांबली, आणि तिने बोटीत पाय ठेवला! विल्सनचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही आले.

विल्सनने लगबगीने फळीवर पाय टाकला, तर लीनाने हात आडवा केला.

"तू नाही. तू थांब इथे."

"म्हणजे?"

"धक्क्यावर कुणीतरी पाहिजे ना," ती म्हणाली आणि तिने फळी आत ओढून घेतली.

काकांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन सुरू झालं. आम्ही तिघं धक्क्यावर आणि बोट खाडीच्या तोंडाकडे. पहिल्यांदा श्रीकांत खूप हसला. मग आम्ही चहा घेतला. बायका सांगून गेल्या होत्या, अकरापर्यंत येतो.

अकरा वाजून गेले. पाण्यावर काही दिसेना. विल्सनने फोन लावला, लागेना. लीनाचा नाही, काकांचा नाही, कुणाचाच नाही. बारा वाजले. विल्सन धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. वारा वाढला होता. येणाऱ्या प्रत्येक होडीला तो ओरडून विचारत होता, "आमची दिसली काय?" इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं. श्रीकांत आता हसत नव्हता. मी मनात माझ्या बायकोशी नको ते सगळं बोलून घेतलं, काही प्रेमाचंसुद्धा.

विल्सन परत आला, बसला, उठला, पुन्हा टोकाला गेला. "नळीत कचरा अडकला असेल काय रे? आई बरी असेल ना? काकांना ओहोटीचं लक्षात असेल ना?" त्याचा चेहरा बघवत नव्हता. जवळच बोंबील साफ करत बसलेली एक बाई मान वर न करता म्हणाली, "येल रं. बस खाली. आमी काय वाट बगून मेलो काय?"

एकच्या सुमाराला निळा ठिपका दिसला. जवळ आला तसा इंजिनाच्या वरताण गाण्याचा आवाज यायला लागला. सहाही जणी टाळ्या वाजवत गात होत्या, आणि आमचे कडक तांडेल मान हलवत ताल धरून होते! शहाळी रिकामी, परडी रिकामी. लीनाचे केस सुटून वाऱ्यावर उडत होते. तिला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

बोट लागते न लागते तोच विल्सन फुटला. "वाजले किती? अकरा म्हणाली होतीस! एक फोन करायला काय झालं होतं? इथे माणूस काय समजणार?"

लीना फक्त त्याच्याकडे बघत राहिली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

फळी टाकली. काठी टेकत म्हातारी सावकाश खाली उतरली. विल्सनसमोर थांबली. त्याच्याकडे वर मान करून बघितलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "जेवाला काय केलंस?"